पेंटरचा धाकटा: बेळगावातल्या एका तरुण अक्षर-कलाकाराचं प्रकरण

मी बेळगावातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात एकतीस वर्षं चित्रकला शिकवली आणि 2015 साली निवृत्त झालो. हातात खरी कला असलेली पोरं या काळात वीस-पंचवीस तरी पाहिली. त्यांतल्या एकाचं प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे. त्याच्या आयुष्यातल्या तीन मोठ्या निर्णयांच्या वेळी मी जवळ होतो आणि त्या घरात माझ्या शब्दाला वजन होतं. पहिल्या दोन वेळा माझं चुकलं. ज्यांच्याकडे अशी मुलं सल्ला मागायला येतात त्यांच्या हे उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

मुलाने आणि त्याच्या वडिलांनी मजकूर वाचून संमती दिली आहे. नावं, गल्ली आणि ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. वडिलांना बाजारात सगळे ‘पेंटर’ म्हणतात, म्हणून मुलाला मी इथे ‘धाकटा’ म्हणतो.

पार्श्वभूमी

पेंटर पाट्या रंगवायचे. खडे बाजार, गणपत गल्ली, शहापूर, वडगाव, या भागातल्या कित्येक दुकानांवर त्यांचं अक्षर होतं. पत्र्याला आधी रेड ऑक्साइडचा हात, तो वाळला की पॉलिश पेपरने घासणी, मग पांढऱ्या नाहीतर पिवळ्या ऑइलपेंटचे दोन हात. खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारली की रेघ उमटायची, आणि तिच्यावर चपट्या ब्रशने थेट अक्षर. पेन्सिलीने आधी काढून घेणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. हात टेकायला एक वेताची काठी, तिच्या टोकाला चिंध्यांचा गोळा. मोठ्या पाटीला दोन दिवस लागत. पाट्या नसतील तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, शिवजयंतीच्या चित्ररथांचे पडदे.

मग फ्लेक्स आला. दोन दिवसांचं काम दोन तासांत छापून मिळायला लागलं. त्यांच्या बरोबरीच्या काही जणांनी घरं रंगवायला घेतली, काही उद्यमबागच्या कारखान्यांत हेल्पर म्हणून लागले. पेंटर मात्र टिकून राहिले. कशामुळे, ते मला फार उशिरा कळलं. त्याबद्दल पुढे येईलच.

धाकटा आठवीत माझ्या वर्गात आला. फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम मी त्याच्याकडे दिलं. एके सकाळी मी वर्गात शिरलो तर फळ्याच्या कोपऱ्यात त्याने ‘बेळगाव’ दोनदा लिहिलेलं, एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये. मी विचारलं, हे काय रे? म्हणाला, “दोन्हीकडं ळ आहे की सर.” मग त्याने खडूने दोन्ही ळ मोठे करून दाखवले. मराठीतला ळ शिरोरेषेला टांगलेला असतो. कन्नडमधल्याला वर नुसतं छोटंसं तलकट्टू, म्हणजे डोक्यावरची बारीक खूण, बाकी सगळं अंग खाली गोल बसलेलं. एकच ब्रश, पण मराठीला मनगट फिरवायचं आणि कन्नडला कोपर, हे त्याने हवेत हात हलवून सांगितलं. दोन्ही लिप्यांमध्ये माझी पन्नास वर्षं गेली होती. त्या दिवसापर्यंत मी कन्नड अक्षराकडे अक्षर म्हणून एकदाही पाहिलं नव्हतं.

कर्नाटक बोर्डाच्या ड्रॉइंग लोअर आणि हायर या दोन्ही परीक्षा तो चांगल्या रीतीने पास झाला. 2016 साली पीयूसीचं दुसरं वर्ष, म्हणजे बारावी, संपलं, कला शाखेतून.

प्रश्न

पेंटर मुलाला घेऊन घरी आले. वहिनींनी डब्यातून कुंदा पाठवला होता. पेंटरांनी फार बोलणं लावलं नाही. “सर, ह्याला मी अक्षर शिकवलो. खरं आता बोर्डच राहिले नाहीत. आता तुम्हीच सांगा काय करायचं ते.”

(आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.)

घरात धाकट्याच्या मागे एक बहीण, तिचं शिक्षण चालू. घर स्वतःचं, पण पेंटरांची कमाई दर महिन्याला वेगळी. पाच-सहा वर्षं शिकत राहायला पैसे पुरणार नव्हते. कलेच्या बळावर मुलाचं पोट भरेल का, आणि भरणार असेल तर कोणत्या वाटेने, हा प्रश्न होता. मुलाला स्वतःला काय हवं आहे, हे त्या दिवशी आम्हा दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

पहिला निर्णय: 2016

समोर चार वाटा होत्या.

पहिली आयटीआयची. टर्नर किंवा फिटर झाला असता तर फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये काम मिळालं असतं. बेळगावात हे काम आहे आणि त्यावर हजारो घरं चालतात. पेंटरांचा कल इकडे होता. दुसरी वाट फ्लेक्सच्या दुकानात ऑपरेटर म्हणून बसायची, पगार लगेच सुरू. तिसरी पूर्ण वेळ कलाशिक्षणाची, धारवाडला, बेंगळुरूला चित्रकला परिषदेत, कोल्हापूरला किंवा मुंबईला जे. जे.मध्ये. महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी मुलांना प्रवेशासाठी सवलत आहे, पण मुंबईत राहण्याचा खर्च कुणी द्यायचा? चौथी वाट मी सुचवली: कोल्हापूरला कलाशिक्षक पदविका करायची. दोन वर्षांचा कोर्स, खर्च झेपणारा, कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, शनिवारी घरी येता येतं. नंतर शाळेत चिकटायचं, पगार सुरू झाला की उरलेल्या वेळात हवी तेवढी कला करायची.

मी हीच वाट चाललो होतो. माझं घर तिने उभं केलं, दोन मुलांची शिक्षणं झाली, रविवारी निसर्गचित्रं काढता आली.

आमच्या पिढीतल्या बेळगावकर चित्रकारांच्या डोळ्यांसमोर दोन माणसं असायची. एक के. बी. कुलकर्णी, ज्यांनी बेळगावात राहून विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. दुसरे त्यांचेच विद्यार्थी रवी परांजपे, 1935 साली बेळगावात जन्मलेले, जे मुंबईला गेले, जाहिरातक्षेत्रात नाव कमावलं, परदेशातही काम करून आले. म्हणजे एक तर इथे राहून शिक्षक व्हायचं, नाहीतर बाहेर जाऊन मोठं व्हायचं. धाकट्याच्या घरची परिस्थिती पाहून मी त्याला पहिल्या खणात टाकलं.

यात मी एक गोष्ट पाहिली नाही, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर होती. निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं आणि माझ्या शाळेतली माझी जागा भरलेली नव्हती. चित्रकलेच्या तासाला दुसऱ्या विषयाचे शिक्षक जाऊन बसत. ‘भरतील पुढच्या वर्षी’ असं मी धरून चाललो होतो. ती जागा आजही रिकामी आहे. मराठी शाळांचा पट घटत होता, तुकड्या कमी होत होत्या, मी स्वतः शेवटच्या चार-पाच वर्षांत वर्गातले बाक रिकामे होताना पाहिले होते. ज्या खुर्चीवर मी बसलो होतो तिच्याकडे बोट दाखवून मी मुलाला म्हणालो, तिथे जा. ती खुर्ची माझ्याबरोबरच उठली होती.

दुसरीही एक गोष्ट राहिली. आयआयटी मुंबईत आयडीसी नावाचा डिझाइनचा विभाग 1969 पासून आहे, तिथे अक्षररचनेचं काम चालतं, आणि बारावीनंतरच्या डिझाइन पदवीसाठी ‘यूसीड’ ही प्रवेश परीक्षा 2015 पासून होते, यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. आपण रोज संगणकावर पाहतो तो ‘मंगल’ फाँट तिथेच शिकवून गेलेल्या र. कृ. जोशींनी घडवला, हेसुद्धा मला नंतर धाकट्यानेच सांगितलं. त्याला प्रवेश मिळालाच असता असं मी म्हणत नाही. परीक्षेला बसायचा प्रश्नच आला नाही, कारण ज्याने वाट दाखवायची त्यालाच ती माहीत नव्हती.

तो कोल्हापूरला गेला. 2018 साली पदविका घेऊन परत आला.

नंतरची चार वर्षं

हा काळ थोडक्यात सांगतो. सरकारी भरतीची वाट पाहण्यात एक वर्ष गेलं. मग एका खासगी शाळेत अतिथी शिक्षक म्हणून तासावर काम मिळालं, सुट्टीचे पैसे नाहीत. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तेही थांबलं. वर्षभर त्याने भाजीच्या गाडीवर मित्राला मदत केली. मधल्या रिकाम्या वेळात जुन्या मोबाइलवर अक्षररचनेचे व्हिडिओ पाहत बसायचा, आणि बापाने तीस वर्षं रंगवलेल्या पाट्यांचे जिथे सापडतील तिथे जाऊन फोटो काढायचा. दीडशेवर फोटो झाले. हे त्याने कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही.

2021 मध्ये त्याला आयडीसीची माहिती मिळाली. पदवीनंतरच्या डिझाइन शिक्षणासाठी ‘सीड’ परीक्षा असते. तिला बसायला बारावीनंतर किमान 3 वर्षांची पदवी किंवा पदविका लागते. त्याची पदविका 2 वर्षांची.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. मोबाइलवर ती ओळ उघडी होती, मला वाचायला दिली. रागावला नव्हता. “एक वर्ष कमी पडलं बघा सर,” एवढंच म्हणाला. चहा घेतला आणि गेला. मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसरा निर्णय: 2022

कोरोनाची दोन वर्षं संपल्यावर 2022 चा गणेशोत्सव पूर्वीच्या थाटात झाला. एका मंडप-डेकोरेशनवाल्याने धाकट्याला मोठं काम दिलं: देखाव्याचे मागचे पडदे आणि कमानीवरची सगळी अक्षरं. ठरलेली रक्कम 60,000 रुपये. त्याच्या आयुष्यातलं तोवरचं सगळ्यात मोठं काम. हातात 15,000 आले, त्यातून रंग आणि कापड घेतलं.

कागद करावा का, असं त्याने मला विचारलं होतं. मी म्हणालो, “गणपतीचं काम आहे, ओळखीची माणसं आहेत, कशाला कागद?” मी मनापासून तसं मानत होतो. माझ्या चाळीस वर्षांत मी कधी कागद केला नव्हता. पण माझा पगार एक तारखेला येत होता, त्याचा कुठून येणार होता?

दोन पोरांना मजुरीवर घेऊन त्याने अठरा रात्री काम केलं. उरलेले 45,000 आजतागायत आले नाहीत. आधी ‘विसर्जन होऊ दे’, मग ‘मंडळाकडूनच आले नाहीत’, मग फोन उचलणं बंद. दोन पोरांची मजुरी त्याने आईची पाटली गहाण ठेवून दिली. ती पाटली सोडवायला चौदा महिने लागले.

मी त्या माणसाकडे दोनदा गेलो. पहिल्यांदा त्याने मला खुर्ची दिली. दुसऱ्यांदा आतूनच निरोप पाठवला.

करता काय आलं असतं? आम्हाला नंतर कळलेल्या गोष्टी सांगतो. केंद्र सरकारची उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. अशी नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचं बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत चुकतं करावं लागतं, हे 2006 च्या कायद्यात आहे, आणि थकबाकीसाठी तक्रार करायची सोय आहे. धाकट्याकडे नोंदणी नव्हती, करार नव्हता, पडदा पोचल्याची साधी सहीसुद्धा नव्हती. कोर्टात दाखवायला काहीच नव्हतं. व्हॉट्सॲपवर रक्कम लिहून समोरच्याचं ‘हो’ घेतलं असतं तरी थोडा आधार झाला असता.

यानंतर तो सहा महिने ब्रशला शिवला नाही. वहिनी मला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “सर, पोरगं बोलतच नाही की हो घरात.” कलेचं भवितव्य वगैरे शब्द मी भाषणांत खूप वापरले आहेत. त्या दिवशी भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या त्या माऊलीला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

तिसरा निर्णय: 2024

बेळगावाबाहेरच्यांना हा भाग समजायला थोडं मागे जावं लागेल. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून आमची पिढी सीमालढ्यात वाढली. 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळायचा, फेरीत चालायचं. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात मी होतो, त्यातल्या हुतात्म्यांच्या स्मारकावर हिंडलग्याला अजून जातो. मराठी पाटी ही आमच्यासाठी नुसती पाटी नाही. ते मी सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही.

2024 च्या सुरुवातीला कर्नाटकात पाट्यांवर 60 टक्के कन्नड हवं हा नियम कडक झाला. दुकानदारांची धांदल उडाली. जुन्या पाट्या उतरल्या, नव्या हव्या होत्या, आणि लवकर हव्या होत्या. फ्लेक्सवाल्यांनी घाईघाईने छापून दिल्या. त्या पाट्या धड वाचता येत नव्हत्या. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पायाशी बसतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात, त्यामुळे खाली जागा लागते. मराठीला मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार यांसाठी शिरोरेषेच्या वर जागा लागते. ऑपरेटर दोन्हींना अक्षराच्या आकाराचा एकच आकडा टाकतो, मग एक लिपी फुगलेली दिसते आणि दुसरी चिरडलेली. दोन्ही लिप्या एका हाताच्या वाटाव्यात अशी पाटी करू शकणारी माणसं गावात फार थोडी. धाकटा त्यांतला एक.

एका आठवड्यात त्याच्याकडे सात दुकानदार येऊन गेले. त्याच वेळी बेंगळुरूच्या एका साइनबोर्ड कंपनीतून महिना 24,000 ची नोकरी चालून आली होती. कर्ज काढून स्वतःचं फ्लेक्स मशीन घ्यायचा तिसरा विचार मामाने डोक्यात घातला होता. सरकारी योजनेतून काही मिळतं का तेही पाहिलं. विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यांत मूर्तिकार आहे, कुंभार आहे, पाट्या रंगवणारा नाही.

त्याची अडचण वेगळीच होती. गल्लीतली मंडळातली पोरं म्हणाली, आता तूपण कन्नड बोर्ड रंगवणार काय? तो माझ्याकडे आला. “सर, तुम्ही सांगा. तुम्ही नको म्हटलात तर बेंगळूरला जातो.”

मी दोन दिवस मागून घेतले. खरं सांगायचं तर मी नको म्हणणार होतो. माझ्या मनात पूर्ण वाक्य तयार झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पेंटर आले. पासष्टी गाठलेली, हात थरथरतो आता. बरोबर एक लांबट वही, कडा तेलकट झालेल्या. ही त्यांची कामाची वही, वर्षानुवर्षांची. त्यांनी मध्येच एक पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं. ग्रामपंचायत, सोसायटी, दवाखाना, बस थांबा, शाळा. गावं बेळगाव तालुक्यातली, बैलहोंगलकडची, गोकाककडची. सगळ्या कन्नड पाट्या. फ्लेक्स आल्यावर बाजारातलं मराठी काम गेलं तेव्हा ते खेड्यापाड्यांत जाऊन भिंती रंगवत होते. मराठी शाळेत शिकलेला माणूस, कन्नड अक्षरं आधी नुसती बघून बघून गिरवली, अर्थ नंतर कळला.

“सर, मी कन्नड बोर्ड रंगवूनच ह्याची कोल्हापूरची फी भरलो. तुम्हाला कधी सांगितलो नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

त्या पानावर मी बराच वेळ बोट फिरवत होतो. गेली वीस वर्षं या माणसाबरोबर मी काळ्या दिनाच्या फेरीत चाललो होतो. फेरीतला फलक त्यानेच रंगवलेला असायचा.

मी धाकट्याला बोलावलं आणि या वेळी सल्ला दिला नाही, विचारलं. तुला स्वतःला काय करायचं आहे? आठ वर्षांत हा प्रश्न मी त्याला पहिल्यांदा विचारला. तो लगेच बोलला, म्हणजे उत्तर कधीचं तयार होतं. त्याला मराठी आणि कन्नड, दोन्ही एका घरातल्या वाटतील अशा अक्षरांचा एक संपूर्ण संच घडवायचा होता, बापाच्या ब्रशच्या वळणावरून. त्याला तीन-चार वर्षं लागतील. तोवर पोटासाठी पाट्या. बेंगळुरूला गेलो तर दिवसभर दुसऱ्याची अक्षरं लावत बसेन, म्हणाला.

त्याने इथे राहायचं ठरवलं. कन्नड पाट्या घ्यायच्या, आणि दुकानदार तयार असेल तिथे उरलेल्या 40 टक्क्यांत मराठी उत्तम बसवून द्यायची, घाईत कोपऱ्यात ढकलायची नाही. ही अट त्याची स्वतःची. मंडळातल्या पोरांना मी जाऊन भेटलो. सगळ्यांना पटलं नाही. एक जण अजून माझ्याशी बोलत नाही.

काय केलं

आम्ही तिघं बसून कामाची पद्धत घालून घेतली. निम्मे पैसे हातात आल्याशिवाय पत्र्याला हात लावायचा नाही. दर अक्षराच्या उंचीवर, इंचाप्रमाणे, कागदावर लिहून दुकानात टांगलेला. ओळखीच्यांनाही तोच. प्रत्येक कामाचं एका पानाचं पत्र, खाली दोन्हीकडच्या सह्या. उद्यम नोंदणी. आणि वही. पेंटरांच्या वहीत कामं होती, पण आलेले पैसे नव्हते, ते सगळं त्यांच्या डोक्यात. धाकट्याच्या वहीत तीन रकाने केले: ठरलेले, आलेले, आणि कामाला लागलेले तास. तासांचा रकाना माझ्या मुलीने सुचवला, ती पुण्यात बँकेत आहे.

पहिल्या तीन महिन्यांनी तासांची बेरीज केली तेव्हा कळलं की ज्या कामांचं सगळे कौतुक करत होते, लग्नाच्या पत्रिका, वाढदिवसाची नावं, त्यांत त्याला तासाला चाळीस रुपयेसुद्धा सुटत नव्हते. ती कामं त्याने बंद केली. मला वाईट वाटलं, कारण माझ्या नातीचं नाव त्याने फार सुंदर लिहून दिलं होतं, फुकट.

निष्पत्ती

पाट्यांची लाट वर्षभरात ओसरली, हे धरूनच चाललो होतो. त्या वर्षाची वही अशी बोलते: सगळ्यात चांगला महिना 61,000 चा, सगळ्यात वाईट 3,200 चा, खर्च जाऊन सरासरी महिना 18,000 च्या आसपास. बेंगळुरूच्या पगारापेक्षा कमी. पण घरभाडं नाही, आणि बापाच्या औषधांना रात्री-अपरात्री माणूस घरात आहे. आता तो घरी बसून पुण्या-बेंगळुरूच्या लोकांना नावं, शीर्षकं लिहून पाठवतो, रविवारी बारा मुलांचा अक्षरवर्ग घेतो. उतरवलेल्या जुन्या पाट्यांपैकी अकरा पाट्या दुकानदारांकडून मागून आणून त्याने ओसरीवर लावल्या आहेत, सगळ्या पेंटरांच्या हातच्या.

अक्षरसंच अपुरा आहे. मराठीची मुळाक्षरं झाली, जोडाक्षरं चालू आहेत, कन्नड निम्मं. पुढे तो कुणी विकत घेईल का, हे कुणी सांगू शकत नाही. लग्नाचं बोलणं दोन ठिकाणी झालं, दोन्हीकडे ‘मुलाला पगार किती’ इथे थांबलं. वहिनी देवापुढे बसून रडतात हे मला माहीत आहे. सगळं चांगलं झालं असं लिहायला मी तयार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

2016 मध्ये मी माझा अनुभव सांगण्याआधी चार फोन करायला हवे होते. जिथे पाठवतो आहोत तिथे गेल्या पाच वर्षांत किती जागा भरल्या, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. कोर्सचा कालावधी ठरवताना पुढचं कोणतं दार त्याने उघडतं आणि कोणतं बंद होतं ते पाहायला हवं होतं. त्याच्या एका वर्षाची किंमत मी कधीच भरून देऊ शकत नाही.

2022 मध्ये कागद मागणं म्हणजे अविश्वास, असं मी समजत होतो. कलाकाराने पैशाचं बोलू नये हे मी एकतीस वर्षं मुलांच्या मनात घातलं, थेट शब्दांत नसलं तरी वागण्यातून. शाळेच्या गॅदरिंगचे पडदे मुलांकडून फुकट रंगवून घेतले आणि वर शाबासकी दिली. धाकट्याला आपल्या कामाचे पैसे मागताना जी लाज वाटायची, तिच्यात माझा वाटा आहे.

पेंटरांनाही मी एकदा विचारलं, तुम्ही काय वेगळं केलं असतं? ते म्हणाले, वही आधीच दाखवली असती. मुलगा दहावीत असतानाच. “पोराला वाटायचं बापाचं बरं चाललंय. मलापण तसंच वाटू द्यायचं होतं.”

2024 मध्ये मी दोन दिवस मागून घेतले ते बरं झालं. पण त्या दोन दिवसांत पेंटर आले नसते तर मी नको म्हणालो असतो, आणि आज तो बेंगळुरूत असता. तिथे तो सुखी झाला असता की नाही, मला ठरवता येत नाही.

गेल्या महिन्यात दहावीची एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली. शाडूच्या मूर्ती करते, हात चांगला आहे. मी तिला धाकट्याकडे घेऊन गेलो. तो ओसरीवर ‘ळ’ची नवी वळणं घेत बसला होता, पेंटर शेजारी खुर्चीत. मुलीने इकडेतिकडे पाट्या पाहिल्या आणि आईने डोळे वटारले तरी सरळ विचारलं, “दादा, तुम्हाला महिन्याला किती मिळतात?” धाकट्याने हात पुसले, फळीवरची वही काढली आणि 3,200 चा महिना होता ते पान आधी उघडलं.